भावी नगरसेवकाच्या नावाला आउटलाइन कशी द्यावी

कोरलड्रॉ उघडा. समोर दादांचा फोटो आहे, वाढदिवस उद्या आहे आणि फोनवर सूचना एकच आली आहे : "नाव उठून दिसलं पाहिजे." या वाक्याचा अर्थ शब्दकोशात शोधू नका. फ्लेक्सच्या दुकानात त्याला आउटलाइन म्हणतात.

नाव टाइप करा. रंगांच्या पट्टीत पिवळ्यावर डावं क्लिक केलंत की अक्षरं पिवळी होतात. लालवर उजवं क्लिक केलंत की भोवती लाल रेघ येते. बऱ्याच जणांचं शिक्षण इथेच संपतं आणि ते स्वतःचं दुकान टाकतात.

तुम्हाला पुढे जायचं असेल तर एफ-१२ दाबा आणि रेघ ८ पॉइंट करा. (पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग. गिऱ्हाइकाला हे सांगू नका, त्याचं माप 'अजून थोडी जाड' हे असतं.) आता नाव नीट बघा. 'थ'चा डोळा मिटला, 'भ'ची गाठ बुजली. दादा रातोरात बारीक झाले. कारण रेघ अक्षराच्या कडेवर मधोमध बसते : ४ पॉइंट बाहेर, ४ पॉइंट अक्षराच्या अंगावर.

त्याहून वाईट शिरोरेखेवर झालं आहे. प्रत्येक सांध्यावर उभी लाल चीर. फॉन्टमध्ये आपली अक्षरं सुटे तुकडे असतात. शेजारी ठेवली की एकाची शिरोरेखा दुसऱ्याच्या शिरोरेखेवर किंचित चढते. रंग एकच असतो तोवर सांधा कुणाला दिसत नाही. आउटलाइन आली की भावाभावांत वाटणी झाल्यासारखं प्रत्येकाला स्वतंत्र कुंपण. साधी इंग्रजी अक्षरं मुळातच एकमेकांना न शिवता उभी राहतात, त्यांना हा त्रास नाही.

यावरचा उपाय नंबरपॅडवरच्या अधिकच्या बटणात आहे. ते दाबलं की त्याच जागी, वरच्या बाजूला नावाची दुसरी प्रत तयार होते. काहीच झालं नाही असं वाटेल; पुन्हा दाबू नका, नाहीतर फाइलमध्ये अकरा दादा सापडतील. ही वरची प्रत निवडलेलीच असते. पट्टीतल्या फुलीवर उजवं क्लिक करा, तिची आउटलाइन जाते. खाली रेघेचं नाव, वर कोरं नाव. चिरा झाकल्या, डोळा उघडला. ४ पॉइंट दिसायला हवी असेल तर ८ द्यायची, हा हिशेब मात्र पाठ करा.

'र'च्या शेपटाला किंवा 'क्ष'च्या कोपऱ्याला बाभळीचे काटे फुटले असतील तर एफ-१२ मध्येच कोपरे गोल करा. सगळ्यांत बारीक रेघ, हेअरलाइन, रेडियम कापणाऱ्यासाठी राखून ठेवा. ती स्क्रीनवर कितीही झूम केलं तरी दिसते आणि छपाईत गायब होते.

आता एक खूण. त्याच खिडकीत 'स्केल विथ ऑब्जेक्ट' नावाचा छोटा चौकोन आहे, त्यात टिक करा. मी केली नव्हती. २० बाय १० फुटांचं काम आपण दहापट लहान करून रचतो. मोठं करताना अक्षरं दहापट झाली, रेघ होती तेवढीच राहिली. चौकात उभं राहिल्यावर दीड मिलिमीटरची लाल रेघ फक्त मला दिसत होती, तीही कुठे आहे ते माहीत असल्यामुळे. पुढच्या वेळी शहाणपणा करून मोठ्या मापावरच ८० पॉइंट दिली, टिक पुन्हा राहिली, आणि तेच नाव दादांच्या गाडीच्या स्टिकरसाठी लहान केलं. मधोमध पिवळं नाव आणि भोवती अर्धा इंच लाल चिखल.

प्रूफ व्हॉट्सॲपवर पाठवा. उत्तर येईल : "मस्त. बाहेरून अजून एक पांढरी द्या."

घाबरू नका. खालचं, लाल रेघेचं नाव निवडा, अधिक दाबा, नव्या प्रतीला १६ पॉइंट पांढरी रेघ द्या आणि कंट्रोल-पेजडाउनने एकेक पायरी खाली न्या, लालच्या मागे जाईपर्यंत. घाईत शिफ्ट-पेजडाउन दाबलंत तर ते थेट बॅकग्राउंडच्या मागे जाऊन बसेल, आणि रात्री साडेअकराला तुम्ही दादांना शोधत बसाल.