हरलेलं सरकार गुणाचं

गोष्ट लोकसभेच्या निकालाची. ४ जून २०२४ ला दिल्ली हादरली, मुंबई हादरली. वृत्तवाहिन्या तर इतक्या हादरल्या की मतदानोत्तर चाचणी करणारे एक गृहस्थ कॅमेऱ्यासमोरच रडले. धाराशिवात मात्र रोजच्यासारखा मंगळवार होता.

धक्का देणाऱ्याला बसत नसतो.

देशात ‘चारशे पार’ची गाडी भाजपसाठी २४० वर थांबली. महाराष्ट्रात ४८ पैकी महायुतीच्या हाती १७ जागा लागल्या. मराठवाड्यात आठपैकी एक, छत्रपती संभाजीनगरची. शेजारच्या लातूरला भाजप पडला, सोलापूरला पडला, बीडला पंकजाताई मुंडे ६,५५३ मतांनी गेल्या. धाराशिवला भाजप हरला नाही.

कारण धाराशिवला भाजप उभाच नव्हता. जागा मित्राला दिली होती. पराभवही मित्रालाच.

आकडे एकदा नीट वाचा. ओमराजे निंबाळकर, ठाकरेंची शिवसेना, ७,४८,७५२. अर्चना पाटील, अजित पवारांची राष्ट्रवादी, ४,१८,९०६. फरक ३,२९,८४६. त्याच दिवशी वाराणसीत खुद्द पंतप्रधानांचं मताधिक्य होतं १,५२,५१३. म्हणजे नीती आयोगाच्या यादीतल्या आकांक्षित, साध्या भाषेत मागास, जिल्ह्यानं निदान एका बाबतीत वाराणसीला दुपटीनं मागे टाकलं.

पंतप्रधान प्रचाराला आलेच नाहीत असं नाही. ३० एप्रिलला त्यांची धाराशिवला सभा झाली. बरोबर आठवड्यानं, ७ मेला मतदान झालं. निकाल वरीलप्रमाणे.

आता कागदावरचं गणित बघा. या लोकसभेत सहा विधानसभा येतात: धाराशिव, तुळजापूर, उमरगा, परंडा, सोलापूर जिल्ह्यातली बार्शी आणि लातूर जिल्ह्यातला औसा. सहापैकी पाच आमदार महायुतीकडे. त्यातले तानाजी सावंत तर राज्याचे आरोग्यमंत्री. मुरूमचे बसवराज पाटील काँग्रेस सोडून फेब्रुवारीतच भाजपमध्ये आलेले. कागदावर लढत संपली होती.

कागद चुकला का? मुळीच नाही. फक्त त्यावर आमदार मोजले होते, मतदार मोजायचे राहून गेले.

उमेदवारीची कथा तर याहून सुरस. अर्चनाताई भाजपच्या. पती राणाजगजितसिंह तुळजापूरचे भाजपचे आमदार. जागा मात्र गेली राष्ट्रवादीला. मग काय, एप्रिलात ताईंनी पक्ष बदलला आणि हातात घड्याळ बांधलं. पाठोपाठ त्यांचं जाहीर विधान गाजलं, की नवरा भाजपचा आमदार असताना मी कशाला राष्ट्रवादी वाढवू?

मतदारांनी शब्द पाळला. वाढवली नाही.

आणि याला आश्चर्याचा निकाल म्हणायचं तरी कशासाठी? २०१४ ला याच मतदारसंघात पद्मसिंह पाटील घड्याळावर लढले आणि सव्वादोन लाखांहून अधिक मतांनी हरले. २०१९ ला चिरंजीव राणाजगजितसिंह घड्याळावर लढले, १,२७,५६६ मतांनी हरले. २०२४ ला सूनबाई घड्याळावर. तेच घर, तेच चिन्ह, तोच निकाल. ज्यांना तरीही धक्का बसला, त्यांनी आपली प्रकृती दाखवून घ्यावी.

राजकारणात अनुभव मोठा असतो म्हणतात. पराभवाचा तर तीन पिढ्या नाही, पण दोन पिढ्या आणि एक सूनबाई इतका होता.

ओमराजेंचं भांडवल काय होतं? फोन. खासदार फोन उचलतो, एवढंच. डीपी जळाला, दवाखान्यात खाट मिळेना, बँकेचा साहेब दाद देईना, लावा फोन. विरोधक म्हणाले, फोन उचलणं म्हणजे काय काम झालं का? शंभर टक्के खरं. पण बाकीचे फोनही उचलत नव्हते आणि कामही दिसत नव्हतं.

जिथं काहीच मिळत नाही तिथं ‘हॅलो’चासुद्धा विकासनिधी होतो.

या जागेवरचा आधीचा खासदार देशाला माहीत झाला तो २०१७ साली, विमान कंपनीच्या कर्मचाऱ्याला चपलेनं मारल्यामुळे. त्यानंतर फोनवर नीट बोलणारा मिळाला तर लोक तीन लाखांनी खूश होणार नाहीत का?

मग नावाचं काय? उस्मानाबादचं धाराशिव केलं ते महायुतीच्याच सरकारांनी. केंद्रानं २०२३ च्या फेब्रुवारीत मंजुरी दिली, पेढे वाटले, बॅनर लागले. निवडणूक आयोगाच्या दप्तरात मतदारसंघ उस्मानाबादच राहिला. लोकांनी धाराशिवचे पेढे खाल्ले आणि उस्मानाबादेत मतदान केलं.

पेढ्याला आचारसंहिता लागत नाही. मिंधेपणही लागत नाही.

पराभवाची कारणं शोधायला मग समित्या बसल्या, चिंतन झालं. महायुतीला कारण सापडलं: खोटं कथानक, अर्थात फेक नॅरेटिव्ह. सोयाबीनचा हमीभाव ४,६०० आणि बाजार समितीत पट्टी त्याहून खाली, हे कुणाचं नॅरेटिव्ह होतं? २०२३ चा दुष्काळ कुठल्या वॉर रूममध्ये लिहिला? कांद्याची निर्यात डिसेंबरात बंद करून मतदानाच्या तोंडावर मे महिन्यात उघडली, ती पटकथा कोणाची? अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठ्या पडल्या, त्या काय विरोधकांनी खरेदी केल्या होत्या?

विश्लेषकांना ही सगळी कारणं ५ जूनला कळली. आडतीवर पट्टी घेऊन उभ्या माणसाला ती चार महिने आधीच कळली होती. त्याला कुणी स्टुडिओत बोलावत नाही, एवढाच फरक.

असो. खरी गंमत पुढं आहे.

हरलेल्यांचं काय झालं? बारामतीत सुनेत्रा पवार दीड लाखावर मतांनी हरल्या. त्या धाराशिवच्याच लेक, पद्मसिंहांच्या भगिनी. दोन आठवड्यांत राज्यसभेवर बिनविरोध. देवेंद्र फडणवीस ५ जूनला म्हणाले, मला सरकारमधून मोकळं करा. ५ डिसेंबरला ते मुख्यमंत्री झाले. बरोबर सहा महिने.

हरणं नेत्यांना इतकं मानवतं, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

पण त्याहून जास्त मानवलं ते जनतेला. निकाल लागला ४ जूनला. २८ जूनला राज्याच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण आली, महिना १,५०० रुपये. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत. सोयाबीन-कापसाला हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. सप्टेंबरात दिल्लीनं खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं आणि कांद्यावरचं निर्यात शुल्क निम्मं केलं. दहा वर्षांत न सुचलेलं सगळं शंभर दिवसांत सुचलं.

निवेदनं देऊन, मोर्चे काढून, रस्ते अडवून जे झालं नाही, ते एका बोटाच्या शाईनं झालं. कलेक्टर कचेरीसमोर उपोषणाला बसणाऱ्यांनी याचा विचार करावा. मंडपाचं भाडंही वाचतं.

नोव्हेंबरात विधानसभा आली. राज्यात भाजप १३२, शिंदे ५७, अजितदादा ४१. महाविकास आघाडीचे तिन्ही पक्ष मिळून ४६. जूनमध्ये ज्यांनी मंत्रिमंडळं वाटून घेतली होती, त्यांना विरोधी पक्षनेतेपदापुरताही आकडा कुणा एकाला गाठता आला नाही. मुख्यमंत्री कोण होणार यावर ते चार महिने भांडले. तो प्रश्न मतदारांनी सोडवून टाकला.

जूनमध्ये हरले ते म्हणाले नॅरेटिव्ह. नोव्हेंबरात हरले ते म्हणाले ईव्हीएम. मतदार काय म्हणाला? त्याला विचारतंय कोण!

धाराशिव लोकसभेतल्या सहा जागांचं काय झालं? तीन-तीन. तिकडं राज्यात लाट, इथं बरोबरी. धाराशिव, उमरगा, बार्शी ठाकरेंकडे, तुळजापूर, औसा भाजपकडे, परंडा शिंद्यांकडे. जूनमध्ये तुळजापुरात मागे पडलेले राणा पाटील नोव्हेंबरात तिथंच छत्तीस हजारांवर मतांनी निवडून आले. पाच महिन्यांत मतदार तोच, मशीन तेच, बोट तेच.

म्हणजे ते ३,२९,८४६ कुणाचे होते? ठाकरेंच्या मशालीला वाटलं आपले. महायुतीला वाटलं चुकून गेलेले. दोघांनीही एकदा पावती तपासावी. त्यावर ‘परत मिळणार नाही’ असं लिहिलेलं नसतं, तसं ‘कायमचे’ असंही लिहिलेलं नसतं.

धाराशिवचे आमदार कैलास पाटलांचं उदाहरण घ्या. जून २०२२ मध्ये, शिंद्यांच्या बंडात, सुरतेला निघालेल्या गाड्यांमधून ते मध्येच उतरले, अंधारात चालले, कुणाच्या दुचाकीवर तर कुठं ट्रकमध्ये बसून मुंबईला परतले. धाराशिवकरांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. उमरग्याचे ज्ञानराज चौगुले तोच प्रवास नीट गाडीत बसून पूर्ण करून आले. ते हरले.

एसटी महामंडळानं याचा प्रवाशांशी संबंध जोडू नये.

परंड्याचे सावंत तर दोन्हीकडून अडकले. लोकसभेला त्यांनी राष्ट्रवादीच्या उमेदवाराचा प्रचार करायचा होता. ऑगस्टमध्ये तेच म्हणाले, मंत्रिमंडळात राष्ट्रवादीच्या मांडीला मांडी लावून बसतो, पण बाहेर आलं की उलटी होते. आरोग्यमंत्र्यांनाच हा त्रास, तर सामान्यांनी औषध कुठं मागायचं? विधानसभेला १,५०९ मतांनी वाचले. डिसेंबरच्या मंत्रिमंडळात त्यांचं नाव नव्हतं.

राष्ट्रवादीशेजारी बसायचा त्रास मात्र गेला. रामबाण उपाय.

राणा पाटीलही मंत्री झाले नाहीत. राज्यात एवढं भरगच्च बहुमत, एवढं मोठं मंत्रिमंडळ आणि धाराशिव जिल्ह्याच्या वाट्याला शून्य. पालकमंत्री आले प्रताप सरनाईक, थेट ठाण्याहून. १५ ऑगस्टला झेंडा, १७ सप्टेंबरला पुन्हा झेंडा, मधूनअधून आढावा. पालक शहरात नोकरीला असले की घर असंच चालतं.

आणि जिंकलेलं सरकार कसं वागलं? लाडक्या बहिणीचे १,५०० चे २,१०० होणार होते. २०२५ च्या मार्चचा अर्थसंकल्प आला, २,१०० आले नाहीत. उलट दारात चारचाकी आहे का, याची तपासणी आली. कर्जमाफी जाहीरनाम्यात होती. मार्चअखेरीला अजितदादांनी सांगितलं, ३१ तारखेपर्यंत पीककर्ज भरून टाका. सोयाबीनला प्रचारात ६,००० चा शब्द होता. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रानं नवा हमीभाव जाहीर केला, ५,३२८. उरलेल्या ६७२ रुपयांसाठी पुढची निवडणूक आहेच.

हरलेलं सरकार देतं. जिंकलेलं सरकार निकष लावतं.

सगळा राज्यशास्त्राचा अभ्यासक्रम या दोन ओळींत बसतो, तरी विद्यापीठं तीन वर्षं घेतात.

मात्र विरोधी खासदार निवडून देऊन धाराशिवचं कल्याण झालं, असं कुणी समजू नये. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेची पायाभरणी पंतप्रधानांनी २०१९ च्या जानेवारीत सोलापुरात केली. तेव्हा खासदार युतीचा होता, केंद्र-राज्य युतीचं होतं. २०२५ उजाडलं तरी गाडी आलेली नव्हती. कृष्णेचं पाणी भाषणांतून इतकी वर्षं वाहतंय की शब्दांचा पाझर तलाव भरला असेल. सत्तेतला खासदार असतो तेव्हा काम प्रगतिपथावर असतं. विरोधातला असतो तेव्हा सरकार निधी देत नसतं. दोन्हीकडे उत्तर तयार असतं, फक्त रेल्वे नसते.

ओमराजे फोन उचलतील. पण रेल्वेनं फोन उचलला पाहिजे ना?

तेव्हा मतदारांनी करायचं काय? अधूनमधून हरवायचं. कुणाला, हा प्रश्न गौण आहे. ज्याला आपण हरणारच नाही असं वाटू लागलंय, त्याला. भीती असेपर्यंतच तिजोरीची किल्ली सापडते.

पण हे नेत्यांनाही कळलंय. म्हणून जिल्हा परिषदेकडे बघा. २०१७ च्या फेब्रुवारीत निवडणूक झाली. मार्च २०२२ मध्ये तिथं प्रशासक बसला. कारण ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्ट. सगळी कारणं कायदेशीर. सुरुवात झाली तेव्हा महाविकास आघाडीचं सरकार होतं, पुढं महायुतीचं आलं, प्रशासक कुणालाच खुपला नाही. गावच्या शाळेचं पत्र्याचं छप्पर उडालं तर जाब विचारायला तीन वर्षं सदस्यच नव्हता. मतदारानं लोकसभेला धक्का दिला, विधानसभेला बरोबरी केली. घराजवळची निवडणूक मात्र तोवर त्याच्या हाती लागूच दिली नव्हती. शेवटी २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलं, चार महिन्यांत घ्या.

न झालेल्या निवडणुकीत कुणी हरत नाही. म्हणून कुणी काही देतही नाही.