मोत्यांचा एक्स-रे

दागिन्यांचा विमा उतरवताना माणसाच्या डोळ्यांपुढे चोर असतो. सोफा-कम-बेड नसतो. पाहुणे गेल्यावर आमचा पलंग पुन्हा सोफा होत होता, तेव्हा सासूबाईंची मोत्याची एक कुडी त्याच्या बिजागरीत सापडली. कान दुखतो म्हणून रात्री उशाशी काढून ठेवलेली. मळसूत्र वाकलं, मधला लाल खडा शाबूत राहिला, पण भोवतालच्या दोन मोत्यांचे टवके उडाले.

ह्यांचं म्हणणं सरळ होतं. इतकी वर्षं हप्ते भरतोय ते काय कंपनीच्या भल्यासाठी? क्लेम करायचा. मी पॉलिसी काढून वाचायला बसले. ती घरात कोणीच वाचलेली नव्हती.

त्यातल्या त्यात आमचं नशीब बरं. २०२१ च्या एप्रिलपासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची जी प्रमाणित पॉलिसी मिळते, तिच्यात दागिने आपोआप येतच नाहीत. ते वेगळे मागून घ्यावे लागतात, आणि तेही आग, पूर, भूकंप अशा भारदस्त संकटांसाठी. बिजागरीला तिथे कोण विचारतो! आमची पॉलिसी ‘ऑल रिस्क’वाली, म्हणजे अपघाताने झालेलं नुकसानही चालतं. पण जोडीतला एक डाग बिघडला तर पैसे त्या एकाचेच. जोड फुटला ह्याबद्दल दमडी नाही. एक कुडी घालून कोणी हळदीकुंकवाला जात नाही, हे कलम लिहिणाऱ्याला माहीत नसावं. शिवाय आमचं मूल्यांकन जुनं. २०२५ च्या एप्रिलात सोनं तोळ्याला लाखावर गेलं, आमच्या सर्टिफिकेटातलं सोनं मात्र अजून निम्म्या भावात सुखाने नांदत होतं. विमा निम्म्या किमतीचा, तर भरपाईही निम्मीच. वर पहिले काही हजार आपल्या खिशातले.

तरी हे फॉर्म भरायला बसलेच. वस्तू कधी घेतली, कितीला घेतली, पावती आहे का, मालक कोण? चारही प्रश्न आमच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या शिताफीने टाळलेले. शेवटच्यावर तर ह्यांनी पेन खाली ठेवलं. कुड्या मूळच्या सासूबाईंच्या आईच्या. सासूबाई म्हणतात, मी सुनेला दिल्यात. वन्संचं म्हणणं, आई वापरतेय तोवर आईच्या, पुढचं पुढे बघू. मी त्या सणासुदीला घालते आणि रात्री मुकाट्याने डबीत परत ठेवते. स्त्रीधन स्त्रीचंच, असं कायदा सांगतो. कोणत्या स्त्रीचं, एवढाच रकाना रिकामा होता.

आणि मग मोती. सासूबाईंच्या तोंडी ते कायम ‘बसऱ्याचे’. खरं तर हे मोती निघायचे बहारीनकडच्या आखाती समुद्रात. नाव चिकटलं बसऱ्याच्या बाजारपेठेचं. तिकडून ते मुंबईला यायचे, इथे निवडले जायचे, वेज पाडून विकले जायचे. पुढे जपानच्या मिकिमोतोंनी १८९३ साली शिंपल्यात मोती पिकवून दाखवला आणि १९३० नंतर कल्चर मोत्यांपुढे आखातातला धंदा पार बसला. सासूबाईंच्या आईचं लग्न १९३८ चं. म्हणजे तारीख जरा अडचणीचीच.

एजंट म्हणाले, “बसरा लिहायचं असेल तर लॅबचा दाखला जोडा. एक्स-रे काढतात. आत मणी दिसला की कल्चर.”

सासूबाई तोवर क्लेमच्या बाजूने होत्या. “माझ्या गुडघ्याचा काढा हवा तर,” त्या म्हणाल्या. “मोत्यांचा नको.”

“पण आई, खरे निघाले तर पैसे जास्त मिळतील.”

“खरेच आहेत रे ते. म्हणून तर तपासायचे नाहीत.”

मला हे एकदम पटलं. दोन टवक्यांच्या निम्म्या भरपाईसाठी एका लग्नाचा ऐंशीहून अधिक वर्षांचा रुबाब मशीनखाली धरायचा? तो गेला तर भरून देणारं कलम कुठल्याच पॉलिसीत नाही. ह्यांनी फॉर्मची घडी घालून तो लाइटबिलांच्या फायलीत सारला आणि आम्ही सासूबाईंना घेऊन नेहमीच्या सोनाराकडे गेलो.

सोनाराने डोळ्याला भिंग लावून कुडी बराच वेळ फिरवली. टवके उडालेल्या मोत्यांना चिमट्याने हळूच हलवून पाहिलं.

“बसरा ना, आजी?”

“तर!”

“दिसतंच आहे. असा माल येतो कुठे आता? पण जुळणारे दोन निघतील माझ्याकडे.”

आता येत नाही तो माल ह्याच्याकडे कसा निघणार, हे विचारायला ह्यांनी तोंड उघडलं होतं. मी त्यांचा पाय दाबला. बसऱ्याचं काम नाजूक, म्हणून सोनाराने मजुरी दीडपट सांगितली. भाजीवाल्याकडून कढीलिंबाची काडी फुकट घेतल्याशिवाय न हलणाऱ्या सासूबाईंनी पर्स उघडली आणि एक अक्षर न बोलता नोटा मोजून दिल्या.