लोकाग्रहास्तव आणखी एक प्रयोग

श्री. सुनील छेत्री यांस,
माजी कर्णधार, भारतीय फुटबॉल संघ
(‘माजी’ पेन्सिलीनं लिहिलं आहे. खोडरबर फुटबॉल महासंघाकडे असतो.)



पत्रास कारण की, तुमच्यासाठी आम्ही एकूण किती वेळा रडायचं, याचा एकदाचा खुलासा व्हावा.

पहिलं रडणं १६ मे २०२४ चं. त्या दिवशी तुम्ही दहाएक मिनिटांचा व्हिडिओ टाकलात. २००५ साली क्वेट्ट्यात पाकिस्तानविरुद्ध पहिली मॅच, प्रशिक्षक सुखी सरांनी उतरायचंय म्हणून सांगितलं, आणि तुम्ही हातातल्या कोऱ्या जर्सीवर सेंट मारलात. का मारलात, ते तुम्हालाही सांगता येईना. देशासाठी ९४ गोल मारलेला माणूस एकोणीस वर्षांनी त्या सेंटबद्दल बोलायला लागला, की ऐकणाऱ्याचं काय होणार? घरी सांगितलंत तेव्हा वडील निवांत होते, आई आणि बायको मात्र रडायला लागल्या, हेही तुम्हीच सांगितलंत. आम्ही आई-बायकोच्या पार्टीत गेलो.

दुसरं रडणं ६ जूनचं, कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर. स्टेडियम खच्चून भरलेलं, समोर कुवेत. जिंकलो असतो तर विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीची वाट बरीच सोपी होणार होती. मॅच ०-० सुटली. पण त्याचं दुःख करायला त्या रात्री कोणाला सवड होती? सहकाऱ्यांनी दोन रांगा केल्या, तुम्ही डोळे पुसत मधून गेलात, आणि पात्रतेचं गणित आम्ही दुसऱ्या दिवसावर ढकललं. ते गणित पाच दिवसांनी कतारनं आपल्याला हरवून सोडवून दिलं. बॉल रेषेबाहेर गेलेला असताना झालेला कतारचा गोल रेफरीनं दिला, यावर आम्ही पुढं महिनाभर भांडलो. कुवेतविरुद्ध गोल का मारता आला नाही, यावर तासभरही नाही.

आम्हा मराठी माणसांना निरोपाचं एक वळण पडलेलं आहे. १६ नोव्हेंबर २०१३ ला सचिन वानखेडेच्या खेळपट्टीला हात लावून गेला तो गेला. पुढं तो जुन्या खेळाडूंच्या स्पर्धांत खेळताना दिसतो, पण त्याला कोणी निवृत्ती मोडली असं म्हणत नाही. त्याला पेन्शन म्हणतात.

तुमचं मात्र नऊ महिन्यांत उलटलं. ६ मार्च २०२५ ला महासंघानं जाहीर केलं की छेत्री परत येतायत. आमच्याकडे नाटकाच्या जाहिरातीत ‘शेवटचे तीन प्रयोग’ असं छापून आलं, की पुढच्या रविवारी त्याच चौकटीत ‘लोकाग्रहास्तव’ येतं. तिथं लोक म्हणजे निर्माता, हे बुकिंगच्या खिडकीवरच्या माणसालाही ठाऊक असतं. तुमच्या बाबतीत आग्रह धरणारे लोक कोण, याचा आम्ही बराच शोध घेतला. एक प्रशिक्षक सापडले, एक महासंघ सापडला, आणि या दोघांच्या मागं २०२४ हे वर्ष उभं होतं. त्या अख्ख्या वर्षात भारतीय संघानं एकही मॅच जिंकली नव्हती. जानेवारीतल्या आशिया चषकात तीन मॅचेस हरलो, गोल शून्य. मार्चमध्ये गुवाहाटीला अफगाणिस्ताननं आपल्याला आपल्याच घरात हरवलं. तुम्ही त्या दोन्ही ठिकाणी होतात, म्हणजे तुम्ही असलात की जिंकतो असंही नव्हतं. पण बुडत्याला असले बारकावे दिसत नाहीत.

आता आमच्याविषयी. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल पेठांत आणि तालमींत वाटलेला आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीची मॅच असली तर दिलबहारवालाही जाऊन बसतो. कशाला, तर हरताना बघायला. पायऱ्यांवरचा न्याय रोकडा. ‘काय वाघ हाय’ आणि ‘लई झालं, भाईर काढा त्याला’ या दोन आरोळ्यांत एका चुकलेल्या पासचं अंतर असतं, आणि बऱ्याचदा दोन्ही एकाच तोंडातून येतात. तुमच्या पुनरागमनाची बातमी आली तशी ही सगळी विद्वत्ता तुमच्या कामाला लागली. सकाळच्या चहाला ठराव झाला की चाळिशीच्या माणसाला बोलावणं ही देशाची बेअब्रू आहे. मिसळ येईतो दुरुस्ती आली: दुसरा आहेच कोण?

१९ मार्चला शिलाँगला मालदीवशी मॅच झाली. पहिला गोल मुंबईच्या राहुल भेकेचा, दुसरा गोव्याच्या लिस्टन कुलासोचा, आणि तिसरा लिस्टनच्याच क्रॉसवर तुमचा. तिन्ही डोक्यानं. पंचाण्णवावा! ४८९ दिवसांनी भारत जिंकला, आणि सकाळच्या ठरावाचा कागद कुठं गेला ते कोणाला सापडेना. सहा दिवसांनी त्याच मैदानावर बांगलादेशशी ०-० झालं. कागद लगेच सापडला.

तुमच्यावरचा मुख्य आरोप असा, की तुम्ही पोरांची जागा अडवलीत. गुन्हा गंभीर आहे, फक्त एक अडचण येते. जून २०२४ ते मार्च २०२५ ती जागा मोकळीच होती. तुम्ही स्वतः उठून, सगळ्यांना सांगून, रडवून मोकळी केली होती. नऊ महिन्यांत त्या जागेवर कोणी साधा रुमाल टाकला नाही.

का टाकला नाही, याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे आणि म्हणूनच कोणी बोलत नाही. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या ११ मोसमांत सर्वांत जास्त गोलांचा गोल्डन बूट एकाही भारतीयाला मिळालेला नाही. क्लब पैसे मोजून परदेशी स्ट्रायकर आणतात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. हरलं की प्रशिक्षकाची नोकरी जाते, त्यानं तरी देशाचा स्ट्रायकर आपल्या पगारावर का घडवावा? मग आपला पोरगा विंगेला सरकतो, तिथून बाकावर. खुद्द तुम्हीसुद्धा बंगळुरूकडून परदेशी स्ट्रायकर मिकू मधे आणि आपण डावीकडे असे मोसम काढलेत. वर्षभर जो गोलसमोर उभाच राहत नाही, त्यानं देशाच्या आठ-दहा दिवसांच्या शिबिरात ती नजर कमावून यावं, अशी आपली योजना आहे. आमचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताच्या आघाडीला होता. पुढचा छेत्री कोल्हापूरचा, हे आम्ही तेव्हाच ठरवून टाकलं होतं. इतकी वर्षं झाली, पुढचा छेत्री अजून मागचाच छेत्री आहे.

आणि तुम्हीही काही मदत करत नाही, हेही सांगायला हवं. २०२४-२५ च्या मोसमात १४ गोल कशाला मारायचे? चाळिशीत केरळा ब्लास्टर्सवर हॅट्रिक? लीगमधल्या भारतीयांत तुम्हीच पहिले आलात. माणसानं निवृत्त व्हावं तर जरा निवृत्तासारखं वागावं, पोट सुटू द्यावं, टीव्हीवर बसून नव्या पिढीला नावं ठेवावीत. तुम्ही गोल मारत राहिलात आणि महासंघाला विचार करायचं कारणच उरलं नाही.

विचार करायला त्यांच्याकडे वेळ नव्हता असंही नाही. पण आपले मानोलो मार्केझ तेव्हा एकाच वेळी एफसी गोवाचे आणि भारताचे प्रशिक्षक होते. त्यांच्या कारकिर्दीत भारतानं एकच मॅच जिंकली, तीच ती शिलाँगची. जून २०२५ मध्ये हाँगकाँगला भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर हरलो आणि मानोलो गेले. नवा प्रशिक्षक हवा म्हणून जाहिरात निघाली, ढिगानं अर्ज आले. त्यात बार्सिलोनाच्या झावीचा अर्ज असल्याची बातमी फुटली आणि जगभर हसं झालं. मग महासंघानंच कळवलं की झावी आणि पेप गार्डिओला यांच्या नावांनी आलेले ईमेल खरे नव्हते. ज्या कार्यालयाला गार्डिओलाचा अर्ज खरा की खोटा हे तपासावं लागतं, त्यानं नऊ नंबरच्या पोरासाठी देश धुंडाळावा, ही अपेक्षा जरा जास्तच होते.

शेवटी खालिद जमील आले. मुंबईच्या मैदानांत मुरलेला माणूस. पहिल्या स्पर्धेला त्यांनी तुम्हाला नेलंच नाही. काफा नेशन्स कपमध्ये ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात हरवलं, ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरे आलो. पायऱ्यांवर आनंदीआनंद: बघा, छेत्रीशिवाय जमतंय की! ऑक्टोबरात आशिया चषक पात्रतेच्या सिंगापूरशी दोन मॅचेस आल्या आणि खालिदभाईंनीही तुमचाच नंबर फिरवला. तिकडे जाऊन १-१ केलं, तेही अगदी शेवटी रहीम अलीमुळे. १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर छांगतेनं आपल्याला पुढं नेलं, आणि आपण २-१ हरलो. २०१९ आणि २०२३, लागोपाठ दोन आशिया चषक खेळलेला संघ २०२७ च्या चषकातून घरच्या मैदानावर बाहेर गेला.

नोव्हेंबरमध्ये तुम्ही दुसऱ्यांदा निरोप घेतलात. यावेळी दहा मिनिटांचा व्हिडिओ नाही, सॉल्ट लेक नाही, दोन रांगा नाहीत. पात्रता मिळवून द्यायला आलो होतो, ती संधी गेली, आता थांबतो, असा सरळ हिशेब सांगितलात आणि बाजूला झालात. कोणी रडलं नाही. पंचाण्णव गोलांच्या माणसाचा निरोप आतल्या पानावर उरकला, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटलं. हे वाक्य उपरोधिक नाही.

तुमचं मन ठरत नाही, असं जो तो म्हणतो. मला ते पटत नाही. थांबायचं ठरवलंत, थांबलात. बोलावलं, आलात. काम संपलं, गेलात. यात ठरत नव्हतं ते आमचं. तुमचा दोष एवढाच, की मार्चमध्ये फोनवर ‘येतो’ म्हणालात. ‘नाही’ म्हणाला असतात तर मालदीवशी ३-० ऐवजी २-० झालं असतं, बांगलादेशशी ०-० तसंच राहिलं असतं, आणि तुमच्या जागी कोण, हा प्रश्न तेव्हाच टेबलावर आला असता. तुम्ही भलेपणानं तो झाकलात. भला माणूस हाताशी असला की आपल्याकडे व्यवस्था लावायची कोणाला घाई नसते.

शिवाय न ठरण्याविषयी बोलावं कोणी? ज्या लीगमध्ये तुम्ही खेळत आलात, ती आधीची दोन वर्षं सप्टेंबरात सुरू झाली होती. २०२५ साली डिसेंबर उजाडला तरी तिचा पत्ता नव्हता. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांचा १५ वर्षांचा करार ८ डिसेंबरला संपत होता, पुढचं काही ठरलं नव्हतं, आणि नव्या निविदेला एकही बोली आली नाही. एका खेळाडूनं थांबायचं कधी, यावर देश दीड वर्ष चर्चा करत होता. लीगनं सुरू व्हायचं की नाही, हे ज्यांनी ठरवायचं त्यांचं वय मात्र कोणी काढलं नाही.

मला तुमचा आठवतो तो २०१८ च्या जूनमधला व्हिडिओ. अंधेरीला चार देशांची स्पर्धा होती. चायनीज तैपेईला ५-० हरवलं, तुमची हॅट्रिक, आणि स्टेडियममध्ये माणसं २,५६९. त्यानंतर तुम्ही हात जोडलेत: टीका करा, शिव्या द्या, पण घरी बसून नको, इथं येऊन द्या. पुढच्या मॅचला केनियाविरुद्ध सगळी तिकिटं संपली, धो धो पावसात लोक बसून राहिले, तुमची ती शंभरावी मॅच, तुमचे दोन गोल. मुंबई एकदा आली. देशाच्या कर्णधाराला प्रेक्षकांसाठी हात जोडावे लागले आणि आम्ही तो आमचा मोठेपणा समजलो.

तेव्हा विनंती एवढीच. क्लबाकडून हवं तितकं खेळा, तो तुमचा आणि तुमच्या गुडघ्यांचा प्रश्न आहे. पण यापुढं महासंघाचा नंबर फोनवर दिसला तर उचलू नका. गोड बोलतील, देशाचं नाव घेतील, पायऱ्यांवरून आम्हीही तुमच्या नावानं ओरडू. ऐकू नका. भारताचा पुढचा स्ट्रायकर चुकू दे, दहा मॅचेस गोलाविना जाऊ दे, आमच्या शिव्या खाऊ दे. तुम्हीही सुरुवातीला खाल्ल्या असतीलच. तुमच्या नावापुढं ९५ शोभून दिसतात, ९६ ची आम्हाला गरज नाही.

थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

आपला,
पायऱ्यांवरचा एक

ता. क. या पत्राची प्रत महासंघाला ईमेलनं पाठवली आहे. खाली नाव पेप गार्डिओला यांचं घातलंय, म्हणजे निदान उघडून वाचतील.