पंचनामा म्हणजे विमा नव्हे

जुलै उजाडला की कोल्हापूर जिल्ह्यात सकाळ-संध्याकाळ एकच चौकशी असते: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर? ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ आहे. पंचगंगा कुठवर चढली की कुठला रस्ता बंद होणार आणि कुणाच्या गोठ्यात पाणी शिरणार, हे पारावरची माणसं बसल्या जागी सांगतात. त्याच पारावर ‘घराचा विमा काढलाय का?’ असं विचारून बघा. गाडीचा विमा आहे म्हणतील, तोही पोलीस अडवतात म्हणून काढलेला. पुराची इतकी बारीक जाण असलेल्या मुलखात घरं बिनविम्याची उभी आहेत, हे धोक्याचं आहे.

शिरोळ तालुका घ्या. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्यांचं पाणी या तालुक्याच्या वाट्याला येतं. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर एका पिढीने पाहिले. शेवटच्या दोन्ही वेळी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं, म्हणजे धोका पातळीच्याही १२ फूट वर. तरी घर बांधताना, दुकान थाटताना, कर्ज काढताना आपण म्हणतो, “एवढं पाणी काय दरवर्षी येतंय?”

दरवर्षी येत नाही, पण हिशेब करून बघू. पाटबंधारे विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘२५ वर्षांतून एकदा’ ऐकलं की माणूस निवांत होतो. आत्ताच येऊन गेला, आता पुढच्या पिढीचं बघू! पण पूर पाळी लावून येत नाही. त्या आकड्याचा अर्थ दरवर्षी १०० पैकी ४ इतकी शक्यता, एवढाच आहे. मागच्या वर्षी पूर आला म्हणून यंदाची शक्यता कमी होत नाही. २० वर्षांचं घरकर्ज घेऊन निळ्या रेषेवर घर बांधलं, तर हप्ते फिटेपर्यंत एकदा तरी पाणी घरात शिरण्याची शक्यता ५६ टक्के आहे. लाल रेषेवरचं घरही सुटत नाही. तिथे ३० वर्षांत ही शक्यता २६ टक्के होते, म्हणजे चारातल्या एका घराची. शिवाय हा हिशेब जुन्या पावसाच्या नोंदींवरचा. अलीकडचा पाऊस त्या नोंदींना जुमानत नाही, हे २०१९ आणि २०२१ ने दाखवलं आहे.

मग भरवसा कशाचा? सरकारी मदतीचा. पाणी ओसरलं की तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतात, पंचनामा होतो, यादी लागते. २०२१ च्या पुरानंतर बाधित कुटुंबाला १० हजार रुपयांचं सानुग्रह अनुदान जाहीर झालं. १० हजारांत काय भागतं? भिजून फुगलेलं धान्य उकिरड्यावर टाकायचं, गाद्या फेकायच्या, फ्रिज आणि पिठाची चक्की दुरुस्तीला न्यायची, घोटाभर गाळ उपसायला मजूर लावायचे. यातलं एकही काम धड पुरं होत नाही. अनुदान हा दिलासा आहे आणि तो मिळालाच पाहिजे. पण किती द्यायचं आणि कधी द्यायचं हे सरकार ठरवतं. विम्यात रक्कम आधी लिहिलेली असते आणि ती मागायचा तुम्हाला हक्क असतो.

अमेरिकेत घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरत नाहीत. तो वेगळा घ्यावा लागतो, त्यासाठी १९६८ पासून सरकारी योजना आहे आणि सहसा ३० दिवस उलटल्याशिवाय ती लागू होत नाही. आपल्याकडे उलट सोय आहे. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या नियमांची पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात आगीबरोबर पूर, वादळ, भूकंप, दरड हे सगळं येतं. घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. विमा जागेच्या बाजारभावाचा नसून घर पुन्हा बांधायच्या खर्चाचा असतो, म्हणून गावाकडच्या घराचा हप्ता लोकांना वाटतो तेवढा जड नसतो. छोट्या दुकानदारासाठी, गिरणीवाल्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे. माणसाच्या अपघाती मृत्यूसाठी वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा पंतप्रधान सुरक्षा विमा बँकेत मिळतो आणि पुरात बुडून झालेला मृत्यूही त्यात धरतात. एवढं सगळं हाताशी असताना गावात कुणी ते समजावून सांगत नाही, हा खरा दोष आहे.

घराचं असं. शेताचं दुखणं वेगळं आहे आणि तिथे दोष शेतकऱ्याचा नाही. शिरोळचं मुख्य पीक ऊस. पाणी शेंड्याच्या वर गेलं आणि काही दिवस राहिलं की सुरळीत गाळ बसतो, शेंडा कुजतो, कांडीवर पांगशा फुटतात आणि उभा ऊस कारखान्याच्याही कामाचा उरत नाही. या उसाला महाराष्ट्रात पंतप्रधान पीक विमा योजनेत जागाच नाही. सोयाबीन, भुईमूग, भात योजनेत आहेत, पण २०२५ च्या खरिपात राज्याने एक रुपयाचा विमा बंद केला आणि त्याबरोबर स्थानिक आपत्तीची वैयक्तिक भरपाईही काढून टाकली. उरली फक्त पीक कापणी प्रयोगावरची भरपाई. म्हणजे महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न घटलं तरच पैसे. नदीकाठच्या मळीतलं सोयाबीन आठ दिवस पाण्याखाली कुजलं आणि माळावरचं तरारून आलं, तर सरासरी बरी दिसते आणि बुडालेल्याच्या हाती काही लागत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाडा आणि सोलापूर पाण्याखाली गेले. ज्या वर्षी ती तरतूद सर्वात जास्त लागणार होती, नेमक्या त्याच वर्षी ती नव्हती. सरकारला ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर करावं लागलं. विमा आधी कापायचा आणि मग पॅकेज वाटायचं, हा कारभार शेतकऱ्याला हक्काकडून याचनेकडे नेणारा आहे.

पूर गावागावांत सारखा येत नाही, बांधाबांधाला वेगळा येतो. मग त्याची भरपाई मंडळाच्या सरासरीवर कशी ठरते? पुराची भरपाई शेतनिहायच हवी. उसाला पूरविमा हवा, आणि त्याच्या हप्त्यात साखर कारखान्यांनीही वाटा उचलावा. कारण ऊस गेला तर गाळपही जातं. पूररेषांचे नकाशे कचेरीच्या कपाटातून निघून प्रत्येक नदीकाठच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागले पाहिजेत, घराघराच्या खुणेसह. माणसाला आपलं घर रेषेच्या आत आहे की बाहेर, हे घर बांधायच्या आधी कळलं पाहिजे.

आणि वाचकहो, सरकार हलेपर्यंत आपण थांबायचं कारण नाही. एप्रिल-मे महिन्यांत घराचा विमा काढा. पाणी उंबऱ्याला लागल्यावर कुठलीही कंपनी दारात उभी राहणार नाही. पॉलिसीत ‘पूर’ हा शब्द आहे का, बांधकाम आणि विमा रक्कम बरोबर लिहिली आहे का, हे स्वतः वाचा. घराचे आणि सामानाचे फोटो काढून बाहेरगावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. जनावरांच्या कानातला बिल्ला शाबूत आहे ना, ते बघा, कारण बिल्ल्याशिवाय पशुविम्याचा दावा टिकत नाही. पूर ओसरल्यावर गाळ काढायच्या आधी फोटो घ्या आणि कंपनीला लगेच कळवा. गाडी पाण्यात बुडाली असेल तर किल्ली फिरवू नका, इंजिनाचा दावा तिथेच अडकतो. मेमधल्या ग्रामसभेत पूरविम्याचा विषय लावायला सांगा, आणि नाही लावला तर उठून विचारा.