एअरपोर्ट-टच साधेपणा

नवीन पनवेलमध्ये हल्ली जागेचा भाव विचारला की समोरचा आधी आकाशाकडे बोट दाखवतो. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं, विमानं 25 डिसेंबरला उडाली; आमचे दर मात्र त्याच्या कितीतरी आधी ढगात जाऊन बसले होते. उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट केली, नदी वळवली, गावं उठवली. एवढं झाल्यावर सेक्टरातल्या माणसाने निदान गाडी तरी बदलायला नको? बदलली. सोसायटीत मावत नाही म्हणून ती रस्त्यावर उभी असते. सगळ्यांना दिसते, हा जास्तीचा फायदा.

मग रविवारी सकाळी पोकळी जाणवते. पोकळी जाणवणं आता प्रतिष्ठेचं झालंय. त्यावर उतारा म्हणून फार्महाऊसवरचं शिबिर: मौन, चुलीवरची भाकरी, मातीच्या ताटलीत पिठलं. मोबाईल जमा करायचा, अर्थात ताटलीचा फोटो काढून झाल्यावर. पॅकेज महाग असतं. (स्वस्तातला साधेपणा आजोबांकडे होता, तो आपण त्यांच्या ट्रंकेसकट भंगारवाल्याला दिला.)

शिबिराचं मला वावडं नाही. पण याच तालुक्यात, कर्नाळा अभयारण्य ओलांडलं की गोवा महामार्गावर तारा गाव लागतं. तिथे युसुफ मेहेरअली सेंटरचं काम चालतं. डॉ. जी. जी. पारीख आणि त्यांच्या समाजवादी मित्रांनी 1961 साली ही संस्था काढली. डॉक्टर बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगात गेले, आणीबाणीत पुन्हा गेले. एरवी मुंबईत रुग्ण तपासायचे, 'जनता' साप्ताहिक चालवायचे. ताऱ्यात दवाखाना, शाळा, तेलघाणा, साबण, कुंभारकाम असं एकेक उभं राहत गेलं. अंगावर खादी, तीही फोटोपुरती नव्हे. माणूस शंभर वर्षं जगला, पण 'जगण्याचा अर्थ' या विषयावर त्याने एकही सशुल्क कार्यशाळा घेतली नाही. वेळच मिळाला नसावा.

2 ऑक्टोबर 2025 ला, गांधीजयंतीच्याच दिवशी, ते गेले. सहा दिवसांनी विमानतळाचं उद्घाटन. आमच्या ग्रुपवर उद्घाटनाचे व्हिडिओ मध्यरात्रीपर्यंत येत होते. डॉक्टरांच्या बातमीखाली 'हे कोण?' एवढाच प्रश्न पडला होता, आणि त्याच्यावर लगेच कुणाचा तरी गुड मॉर्निंगचा गुलाब.

तिकडचा साबण मात्र आमच्यापर्यंत पोचलाय. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये असतो, लेबल बाहेरच्या बाजूला. वापरायचा नाही, असं घरच्यांना बजावलेलं असतं.

तेव्हा एकदा स्वतःच जाऊन या. पनवेल स्थानकातून सुटणारी पेणची एसटी ताऱ्यावरूनच जाते. तिकिटात मौन धरलेलं नाही; शेजारचा बोलणार.