एकट्याची होडी, दुकट्याची रजा

अमेरिकेत ट्रेलरवरची शिडाची होडी घेणाऱ्याला म्हणे स्वातंत्र्य हवं असतं. ना धक्क्याचं भाडं, ना खलाशांची मनधरणी. मग तळ्याकाठी डोलकाठी उभी करताना खालून धरायला शेजारी लागतो आणि ट्रेलर पाण्यात उतरवताना ‘अजून मागे, अजून’ ओरडायला बायको. वर विजेच्या तारा आहेत का, तेही तिनेच बघायचं. एवढ्यावर साहेब एकटे निघतात, आणि वारा पडतो.

क्लीव्हलंडच्या एका दैनिकातला उपसंपादक रॉबर्ट मॅन्री मात्र १९६५ मध्ये साडेतेरा फुटी ‘टिंकरबेल’मधून खरोखरच एकट्याने, ७८ दिवसांत अटलांटिक ओलांडून गेला. कचेरीत सांगितलं होतं, मोठी होडी, सोबत जोडीदार. जोडीदार गळला, मजकुरात ती दुरुस्ती करायची तेवढी या उपसंपादकाला सुचली नाही.