चपलेपुरते बोला!

इंग्रजीत एक भारदस्त शब्द आहे : अल्ट्राक्रेपिडेरियन. उच्चारताना दात सांभाळावे लागतात, पण या शब्दाचा माणूस रत्नागिरीत कुठल्याही टपरीवर कटिंग पिताना सापडतो. ज्यातले ओ की ठो कळत नाही, त्यावर छातीठोक बोलणारा तो अल्ट्राक्रेपिडेरियन.

शब्द निघाला चपलेतून. अलेक्झांडरच्या काळातला चित्रकार अपेलीस चित्र बाहेर मांडून स्वतः मागे लपे आणि लोकांची मते ऐके. चपला शिवणाऱ्या एकाने चित्रातल्या चपलेला एक बंद कमी असल्याचे दाखवले. अपेलीसने निमूटपणे दुरुस्ती केली. दुसऱ्या दिवशी गडी चढला आणि थेट पायाच्या चुका काढू लागला. अपेलीसने सुनावले, 'चपलेच्या वर जाऊ नकोस!' ही गोष्ट रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवली. चप्पल म्हणजे लॅटिनमध्ये क्रेपिडा. 1819 मध्ये विल्यम हॅझलिटने हे विशेषण संपादक विल्यम गिफर्डला बहाल केले. गिफर्ड लहानपणी जोडे शिवायला उमेदवारीवर होता. टोला नेमका बसला.

आमच्याकडे पुलंच्या अंतू बर्व्यापासून सर्वज्ञता हे मान्यताप्राप्त पीक आहे. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, टपरीवरच्या मतांना तेवढे मिळायचे आहे. मोहोर का गळला इथपासून अमेरिकेचे कुठे चुकले इथपर्यंत उत्तरे तयार असतात.

पण मुंबई-गोवा महामार्गाची गोष्ट वेगळी. चौपदरीकरण सुरू झाले 2011 मध्ये. मुदती किती उलटल्या ते विचारू नका. टपरीवरचा रिक्षावाला म्हणतो, "वळणावर पाणी तुंबतं. गटार उलट्या उतारावर काढलानी." तो रोज तिथूनच जातो, म्हणजे चपलेपुरतेच बोलतो. उत्तर येते, 'बाब तांत्रिक आहे, तज्ज्ञ पाहतील.' आणि ज्यांना गटाराचा उतार ठाऊक नाही, ते फीत कापताना कोकणचा कॅलिफोर्निया करून मोकळे होतात!

अपेलीस लपायचा तो ऐकायला. आमचे कारभारी लपतात ते ऐकावे लागू नये म्हणून. तेव्हा रत्नागिरीकरांनो, अमेरिकेला सल्ले खुशाल द्या. पण आधी त्या गटाराचा लेखी अर्ज महामार्ग कार्यालयात द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.